वहिनीचे चार स्क्रू

माझी वहिनी मशीन मिस्त्री आहे. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीन अडलं की तिला हाक जाते. मिस्त्रीण म्हटलेलं तिला खपत नाही. मिस्त्री म्हणजे मिस्त्री, त्यात बाई-बाप्या कसला, असं ती तोंडावर सुनावते. एकशे चाळीस मशिनं तिच्याकडे आहेत आणि त्यांतल्या एकेकाचा स्वभाव तिला सख्ख्या नणंदेपेक्षा जास्त ठाऊक आहे. सख्खी नणंद मीच, त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगते.

माझा दादा त्याच कारखान्यात पॅटर्न मास्तर होता. पॅटर्न म्हणजे कापड कापण्याआधी कागदावर काढतात तो आराखडा. तो चुकला तर हजार सदरे चुकतात. दादाचा कधी चुकला नाही. समोरून माणूस चालत आला की त्याचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, किती आणि कुठला खांदा उतरलाय, हे तो टेप न लावता सांगायचा. दोघांचं जमलं तेही तिथंच, कटिंगच्या टेबलाशी भांडता भांडता. आईने महिनाभर तोंड फुगवलं आणि मग होकार दिला.

वहिनीला एक सवय आहे, तिचं नाव ‘पाव आटा मागे’. शिलाई मशिनात बरेच स्क्रू असे असतात की ते पुरते आवळले तर आतला दांडा जाम होतो. म्हणून बोटाला अडल्यासारखं लागलं की थांबायचं आणि तिथून पाव आटा, म्हणजे पाव वळसा, मागे यायचं. स्क्रू धरूनही राहतो आणि दांडाही मोकळा फिरतो. वहिनी हे तिच्या पहिल्या मुकादमाकडून शिकली आणि पुढे तिने सहा मुलींना शिकवलं. कारखान्यात ठीक आहे हो, पण तिचा हात घरी आल्यावर काही वेगळा होत नाही. त्यांच्या घरात कढईचा कान हलतो, कपाटाची मूठ हातात येते आणि दाराची कडी वाऱ्याने वाजते. "लोकांच्या डोक्यातला स्क्रू ढिला असतो, माझ्या बायकोच्या हातातला आहे," असं दादा आल्यागेल्याला सांगायचा. वहिनी त्याच्याकडे न बघता म्हणायची की तुमचं चालू द्या.

आठ महिन्यांपूर्वी दादाला अर्धांगवायूचा झटका आला. पाय बऱ्यापैकी सावरला, पण उजवा हात राहिला आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे अगदी गेलं नाही. शब्द डोक्यात असतात, तोंडापर्यंत यायला वेळ लागतो, असं व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. तेव्हा घाई करू नका, त्यांचं त्यांना बोलू द्या, हेही बजावलं होतं. पण आम्ही कसले थांबतोय. ‘च’ म्हटलं की चहा, ‘खि’ म्हटलं की खिडकी, ‘पा’ म्हटलं की पाणी. मी तर सगळ्यांत पुढे. वरच्याच मजल्यावर राहते, शाळेच्या कार्यालयातून सुटले की सरळ त्यांच्याकडे, आणि दादाने ओठ हलवले रे हलवले की मी उत्तर द्यायला तयार. मला वाटायचं, मी त्याचे कष्ट वाचवतेय. हळूहळू त्याने बोलणंच सोडलं आणि खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली.

कारखान्यात आता पॅटर्न कंप्युटरवर काढतात. त्या विभागाच्या मोठ्या बाई एकदा दादाला बघायला आल्या आणि सोबत आपला लॅपटॉप घेऊन आल्या. बराच वेळ त्याने हातच लावला नाही. मग डाव्या हाताने माऊस धरला आणि तासाभरात सदऱ्याची पाठ काढली. रेघ कुठे थरथरली नाही. बाई बघतच राहिल्या. घरून काम करायला एक माणूस घ्यायचा आहे, म्हणाल्या, पण मालकांना पुरावा लागेल. कॉलर, बाही आणि समोरचा भाग असे तीन पॅटर्न पुढच्या शनिवारी दुपारी बारापर्यंत पाठवा. नाहीतर सोमवारी दुसरा माणूस रुजू होईल, तो ठरलेलाच आहे.

त्या संध्याकाळी दादाने खुर्ची खिडकीकडून आत वळवली. वहिनीने ते पाहिलं आणि मीही पाहिलं.

बाईंनी लिहून दिलेल्या ताकदीचा कंप्युटर तयार मिळेना. गल्लीच्या टोकाच्या दुकानदाराकडे सुटे भाग सगळे होते, पण जोडणारा माणूस रजेवर. तो येणार शनिवारनंतर. वहिनी म्हणाली, सुटे द्या, मी जोडते. दुकानदार शांत माणूस, त्याने चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं आणि खोकी काढून ठेवली.

मंगळवार आणि बुधवार तिने सुट्टी टाकली. मंगळवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर अंथरली, बॉबिनच्या रिकाम्या डब्यांत स्क्रू मापाप्रमाणे लावून ठेवले आणि पुस्तिका उघडून कामाला बसली. दादा शेजारी बसून तिच्या हातांकडे बघत होता. मधला मोठा बोर्ड बसला, त्यावर बोटाच्या नखाएवढी ती मुख्य चकती, प्रोसेसर म्हणतात ती, बसली, खरं तर नखाहून बरीच मोठी, पण सगळ्यांत महागडी म्हणून मला ती तेवढीच नाजूक वाटत होती. तिच्यावर उष्णता ओढून घेणारा राखाडी मलम लावला आणि वरून पंख्याचा जाडजूड ठोकळा चार स्क्रूंनी बसवला. संध्याकाळी पाचला तिने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाच्या काळा.

मी म्हटलं, झालं. वहिनी म्हणाली, सुरुवात झाली. तिने एक वही काढली आणि वर तारीख घातली. तिचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय बदललं ते लिहायचं, मग बघायचं. चार गोष्टी एकदम हलवल्या आणि मशीन चालू झालं, तर ते कशाने झालं ते कळत नाही, आणि कळलं नाही म्हणजे दुरुस्त झालंच नाही. तारा तपासल्या, पडद्याची वायर बदलली, काही नाही. शेवटी दुकानदाराला फोन लावला. त्याने विचारलं, मेमरीच्या पट्ट्या खट् वाजेपर्यंत दाबल्यात का. वहिनी म्हणाली, तेवढं दाबलं तर मोडेल. तो म्हणाला, नाही मोडत, दाबा. तिने श्वास रोखून दाबलं. दोन्ही बाजूंनी खट् वाजलं आणि पडदा उजळला. दादाने डाव्या हाताने मांडीवर थाप मारली. आम्हाला वाटलं, सुटलो.

बुधवारी सकाळी मोठ्या बाईंनी फोनवरून सांगत सांगत पॅटर्नचा प्रोग्राम घालून दिला. दादा बसला. कॉलरचा पहिला गोल वळला आणि कंप्युटर फट्‌दिशी बंद. ना सूचना ना काही. पुन्हा लावला, पुन्हा चार मिनिटांत बंद. आणि आकार पुरा जुळल्याशिवाय तो प्रोग्राम काही साठवत नसे, त्यामुळे काढलेली कॉलर गेली ती गेलीच.

इथून वहिनीने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिने भिंतीतल्या विजेपासून सुरुवात केली. त्याच स्विचबोर्डवर टेबलावरचा दिवा लावून ठेवला. कंप्युटर बंद पडला, दिवा डोळासुद्धा न मिचकावता चालू राहिला. म्हणजे वीज बरोबर. वहीत एक काट. मग वीजपुरवठ्याचा डबा काढून दुकानात नेला, दुकानदाराने स्वतःचा दुसरा दिला. तोही लावून बघितला, पुन्हा तेच. काट. मेमरीची एक पट्टी काढून बघितलं, मग ती घालून दुसरी काढली. काट, काट. दर वेळी किती मिनिटं चालला तेवढं मात्र लिहीत गेली. गुरुवारी कारखान्यातून आल्यावर हातपाय न धुता ती वही घेऊन बसली आणि मोठ्याने वाचायला लागली. सकाळी थंड असताना सात मिनिटं. दुपारी चार. बंद पडल्यावर लगेच लावला तर एक. अर्धा तास थांबून लावला तर पुन्हा चार.

"तापतंय," ती म्हणाली.

झाकण उघडून तिने घरातला टेबलफॅन आत रोखून धरला. नुसता चालू ठेवला तर एकोणीस मिनिटं टिकला. दादाने कॉलर काढायला घेतली की मात्र सहाव्या मिनिटाला गचका. पण आजार कळला होता. आता का तापतंय, एवढंच शोधायचं होतं. पंखा फिरत होता. मलम लावलेला होता. दुकानदाराने फोनवर विचारलं, ठोकळ्याच्या खालची प्लॅस्टिकची पट्टी सोलून काढली होती ना. तेव्हा वहिनीचा चेहरा बघण्यासारखा झाला, तिला कुणीतरी सुई कुठल्या बाजूने ओवतात असं विचारावं तसा. मग त्याने विचारलं, स्क्रू पक्के आहेत का. वहिनीने चारही स्क्रू बोटाने चाचपले आणि सांगितलं, आहेत. तिच्या हिशेबाने ते होतेच पक्के. पंचवीस वर्षं तिच्या बोटांना पक्का स्क्रू तसाच लागत आलाय.

त्याच वेळी दादा म्हणाला, "पा..."

मी उठले आणि पाणी आणून दिलं. त्याने पेला बाजूला सारला. मला वाटलं, पाण्यात काही पडलंय, म्हणून बदलून आणलं. तोही त्याने घेतला नाही. मान फिरवली आणि डोळे मिटून बसला. मी वहिनीला हळूच म्हटलं, दमलाय तो, राहू दे आता. तिने वही मिटली.

शुक्रवारी माझा तोल गेला. त्या दिवशी माझाही टेबलफॅन खाली आणला होता, आणि दोन पंख्यांच्या वाऱ्यात दादाने कॉलर तिसऱ्यांदा पुरी करत आणली होती. कपाळावर घाम, जीभ दातांत धरलेली, डावा हात तासभर टेबलावर टेकून अवघडलेला. शेवटची रेघ जुळायला आली आणि पडदा गेला. त्याने माऊस सोडला. मग खुर्ची खिडकीकडे वळवली. ते मला बघवेना. मी वहिनीला नको ते बोलले. तुझ्या हट्टापायी हे चाललंय, म्हटलं, शिलाई मशीन वेगळं आणि हे वेगळं, माझ्या भावाच्या उमेदीवर कसले प्रयोग करतेस. दुकानात जाऊन आपटून ये ते खोकं आणि मोठ्या बाईंना सांग की जमलं नाही.

वहिनी खाली बसून डब्यातले स्क्रू मोजत होती. तिने मोजणी पुरी केली, मग वर पाहिलं.

"मशीन लबाडी करत नाही," ती म्हणाली. "ते केव्हापासून काहीतरी सांगतंय. मला ऐकू येत नाहीये, एवढंच. येईल."

आणि पुन्हा पहिल्या पानापासून वही वाचायला लागली. खिडकीकडून दादाचा आवाज आला, "पा... पा..." मी डोळे पुसत पेला भरून नेला. त्याने डाव्या हाताने तो असा भिरकावला की पाणी भिंतीवर आणि पेला पलंगाखाली. दादाने उभ्या जन्मात कधी वस्तू फेकली नव्हती. मी पेला उचलला, फरशी पुसली आणि वर माझ्या घरी निघून आले. त्याला माझा राग आलाय, एवढं मला कळलं होतं. कशाचा, ते कळलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सातला मी खाली गेले ती माफी मागायला. वहिनीने ठोकळा तेवढा तसाच ठेवून बाकी सगळं पुन्हा खोललं होतं आणि एकेक भाग पुसत होती. पाच तास हातात होते. दादाची खुर्ची पुन्हा टेबलाकडे होती. कुणी वळवली ते मी विचारलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि ओठ जुळवले.

"पा..."

मी सवयीने उठलेच होते. वहिनी म्हणाली, "थांब. बस खाली."

तिने हातातलं फडकं ठेवलं आणि स्टूल ओढून दादाच्या समोर बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. "मी ऐकतेय. सावकाश," एवढंच म्हणाली आणि गप्प राहिली. दादाचे ओठ हलत होते, मानेची शीर फुगली होती. ‘पा’ येई आणि पुढचं अडकून राही. मला ते इतकं असह्य झालं की पदराचं टोक मी मुठीत गच्च धरून ठेवलं. शब्द माझ्या जिभेवर येत होते, पाणी, पाय, पान, पाठ, मी सगळे गिळले. वहिनी जागची हलली नाही. मिनिट गेलं असेल, दीड गेलं असेल.

"पाव," दादा म्हणाला.

वहिनी हलली नाही.

"पाव... आ... आटा."

आणि डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून त्याने हवेत एक छोटीशी कळ फिरवली. मागच्या बाजूला. पाव वळसा.

वहिनी त्याच्या बोटांकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, त्या हाताने दुसऱ्याच कुणाचं काही चोरलंय अशा नजरेने. मंगळवारी दादा शेजारी बसून बघत होता. तिने चारही स्क्रू बोटाला अडेपर्यंत फिरवले आणि चारही पाव आटा मागे घेतले, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नाही, तिचा हात तसाच आहे. गुरुवारी तिने ‘तापतंय’ म्हटलं तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तेव्हापासून तो सांगत होता. आणि तेव्हापासून मी त्याला पाणी पाजत होते.

वहिनी उठली. ठोकळा काढला, जुना मलम पुसून नवा लावला, ठोकळा परत ठेवला. त्या स्क्रूंच्या खाली बारीक स्प्रिंग होत्या. बोटाला अडल्यासारखं लागत होतं ती स्प्रिंग होती, तळ नव्हता. ठोकळा चकतीवर नुसता टेकला होता, बसला नव्हता. तिने कर्णाच्या रेषेत एकेक स्क्रू घ्यायला सुरुवात केली. अडला. ती थांबली. हात मागे यायला लागला, मला दिसलं. दादा घशातून "अं" म्हणाला. तिने दात आवळले आणि पुढे फिरवला. एक पूर्ण वळसा गेला, दुसरा गेला, मग कुठे तो थांबला. चारही स्क्रू दोन-दोन वळसे आत गेले. चौथ्यानंतर तिचा हात पुन्हा आपसूक मागे निघाला, तेव्हा तिने स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली.

बाकीचे भाग परत जोडून तिने बटण दाबलं आणि कंप्युटर लागला. चार मिनिटं झाली. टेबलफॅन बंदच होता. सात झाली. एकोणीस झाली. वहिनीने झाकणाच्या आत बोट नेऊन पाहिलं आणि म्हणाली, कोमट. त्या एका शब्दावर मी ढसाढसा रडले. वहिनी म्हणाली, रडायचं असेल तर वायरींपासून लांब रड.

दादाने आठ वाजता माऊस धरला. कॉलर त्याने चौथ्यांदा काढली, पण आता ती त्याच्या हाताला पाठ झाली होती, अर्ध्या तासात झाली. समोरचा भाग झाला. बाहीला वेळ लागला. मध्ये एकदा त्याचा हात लटपटायला लागला, तेव्हा मी म्हणणार होते की जरा पड, दमलास. गेले आठ महिने आम्ही दोघी हेच म्हणत होतो. व्यायामाच्या बाईंनी वीस वेळा सांगितलं तर बाराला आम्ही म्हणायचो, पुरे आता. वहिनीलाही बहुतेक त्या वेळी तेच आठवलं असावं. तिने त्याचा हात आपल्या हातात घेऊन जोराने चोळला आणि पुन्हा माऊसवर ठेवला.

"तुम्हालाही मी पाव आटा मागेच ठेवलं," ती त्याला म्हणाली. "आता नाही ठेवणार."

दादाने पडद्यावरून नजर न काढता मान हलवली आणि बाहीचा वळसा पुरा केला. अकरा पन्नासला तीनही पॅटर्न गेले. पाठवायचं बटण त्यानेच दाबलं.

मोठ्या बाईंचा फोन दोनच्या सुमाराला आला. वहिनीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. बाहीचा मुंढा अर्धा सूत सैल आहे, बाई म्हणाल्या, तेवढा सारखा करा आणि सोमवारच्या कामाबरोबर पाठवा. सोमवारचं कुठलं काम, असं वहिनीने विचारलं, मुद्दाम, नीट ऐकायला मिळावं म्हणून. बाई म्हणाल्या, मास्तरांचं काम, दुसरं कुणाचं.

फोन बंद झाला. वहिनी दादाच्या खुर्चीच्या पाठीला टेकून उभी होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती रडताना दिसली, आणि तिने तोंड लपवलं नाही. दादाने खांद्यावरचा तिचा हात डाव्या हाताने धरला. मग माझ्याकडे वळून त्याने ओठ जुळवले.

"पा..."

मी जागची हलले नाही. वहिनीही नाही. पाव, पाठ, पाय, पॅटर्न, काहीही असेल, ते त्याचं त्याला म्हणू दे. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत बसले. त्याचे ओठ हलले, थांबले, परत हलले. त्याच्या डोळ्यांत हसू येतंय असं मला वाटलं, पण मी तेही बोलले नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

"पाणी," दादा म्हणाला. "दे ना. कधीचा... मागतोय."